कादंबरीचा आराखडा

कादंबरी लिहावयास बसण्यापूर्वीं तिचा आराखडा करावा कीं करूं नये, हा वाद आपल्याकडे बराच जुना आहे. एक पक्ष म्हणतो, घर बांधावयाचें तर आधीं आंखणी हवी. पायाचे चिरे बसवून झाल्यावर माजघर कोठें घ्यावें याचा विचार करणारा गवंडी कोणाला परवडेल? दुसरा पक्ष म्हणतो, पात्रें खरोखर जिवंत असतील तर तीं लेखकाच्या वहींतला हुकूम कशास मानतील? हे दोन्ही दृष्टांत वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले आहेत कीं, त्यांच्यावर पाय ठेवला तर विचार घसरतो, पुढें जात नाहीं. ह्या वादांत नव्यानें शिरण्याची मलाही इच्छा नव्हती. परंतु गेल्या मृगाच्या सुमारास येथें जामसंड्यास एक लहानसा प्रसंग घडला, आणि आराखड्याच्या बाजूनें असलेल्या माझ्या जुन्या मताला त्यानें धक्का दिला.

आंब्याचा हंगाम उलगडला कीं इकडे माणसाला थोडी सवड सांपडते. अशा सवडींत एक तरुण बागाईतदार माझ्याकडे दोन वह्या घेऊन आला. पहिल्या वहींत एका नियोजित कादंबरीचा चाळीस पानांचा आराखडा होता. दुसरींत त्या कादंबरीचीं लिहून झालेलीं चार प्रकरणें. आराखडा पाहून मीं तोंडांत बोट घातलें. तीन पिढ्या, एक हापुसची बाग, भावाभावांतील वाटणीचा दावा, मुंबईच्या गिरणींत गेलेला एक मुलगा, १९८२ चा गिरणीसंप, पुढें कोंकण रेल्वेबरोबर आलेले निराळे दिवस. बत्तीस प्रकरणें, प्रत्येकाचा गोषवारा, प्रत्येक पात्राचें जन्मसाल. कोणाचें वय चुकलेलें नाहीं, कोणी मेलेला माणूस पुढच्या प्रकरणांत चहा पीत बसलेला नाहीं. दोष काढण्याच्या हेतूनेंच मीं तो वाचला, तरी मला त्यांत एकही भोंक सांपडलें नाहीं. चार प्रकरणें मात्र निर्जीव होतीं. त्यांतील माणसें आपलें पुढें काय होणार हें वाचून आल्यासारखीं बोलत होतीं. भांडणाऱ्या भावांना दाव्याचा निकाल ठाऊक होता, एस्. टी. च्या थांब्यावर मुलाला निरोप देणाऱ्या आईला तो परत यावयाचा नाहीं हें ठाऊक होतें. पांचवें प्रकरण कां लिहिलें नाहीं, असें मीं विचारलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, "मास्तर, सगळा माका आधीच म्हायत आसा, मगे आता लिवचा कशाक?"

त्याला मीं त्या दिवशीं कांहीं समाधानकारक उत्तर दिलें नाहीं. पण तें वाक्य मनांत ठेवून मराठींतील कांहीं मोठ्या कादंबऱ्या मीं पुन्हा काढून वाचल्या, आणि त्या वाचनांतून जें दिसलें तें येथें मांडीत आहें.

तुकड्यातुकड्यांनीं वाढत गेलेल्या कादंबरीचें आपल्याकडचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे हरि नारायण आपटे यांचें. १८८५ सालीं 'मधली स्थिति' घेऊन ते वाचकांपुढें आले, तेव्हां त्यांच्यासमोर रेनॉल्ड्सचा नमुना होता. १८९० त त्यांनीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें, आणि त्यानंतरच्या त्यांच्या बहुतेक प्रसिद्ध कादंबऱ्या त्या पत्राच्या रकान्यांतून आठवड्याच्या आठवड्याला बाहेर पडल्या. संपादक तेच, कादंबरीकार तेच. छापखान्याला मजकूर हवा असे, आणि गेल्या आठवड्यांत छापून गेलेलें वाक्य कोणत्याही उपायानें परत येत नसे. ज्याचें पहिलें प्रकरण वाचकांच्या हातांत आहे आणि विसावें अजून दौतींतच आहे, त्याच्याजवळ आराखडा असला तरी त्यावरचें त्याचें स्वामित्व अर्धेंच उरतें. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून १८९३ पर्यंत अशा रीतीनें चालली, आणि पुस्तकरूपानें वाचतांनाही तिची ही जन्मकथा लपत नाहीं. दोन ओळींत उरकण्याजोगा प्रसंग दहा पानें घेतो. एक हकीकत सांगतां सांगतां निवेदिकेला दुसरीच आठवते. मग ती वाचकाची क्षमा मागून मूळ वाटेवर येते आणि थोड्याच वेळांत पुन्हा आडवाटेला लागते. पुढच्या पिढींतील टीकाकारांनीं ह्याला पाल्हाळ म्हटलें. तो शब्द खोटा नाहीं.

खोटा नाहीं, पण अपुरा आहे. हा पाल्हाळच जर दोष असता, तर कादंबरी मधल्या मध्यें फुटावयास हवी होती. ती फुटत नाहीं. याचें कारण, माझ्या मतें, हरिभाऊंच्या टेबलावरील कागदांत शोधण्यापेक्षां यमूच्या स्वरांत शोधावें. ही कादंबरी यमू स्वतः सांगते, आणि ती सांगावयास बसते तेव्हां तिचें सर्व कांहीं होऊन गेलेलें असतें. माहेरचे खेळ, दादा, दुर्गी, सासरचा जाच, मुंबईंतले नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस, त्याचा मृत्यु, आणि शंकरमामंजींच्या कारस्थानानें झालेलें तिचें केशवपन, हें सगळें तिच्या मागें आहे. हरिभाऊंना पुढच्या आठवड्याचें प्रकरण ठाऊक असो वा नसो, यमूला शेवट ठाऊक आहे. म्हणून तिचा पाल्हाळ हा लेखकाचा पाल्हाळ राहत नाहीं. तो स्मृतीचा पाल्हाळ होतो. ज्या बाईचें सर्वस्व गेलें ती लहानपणच्या भातुकलीवर दहा पानें खर्च करील नाहीं तर काय करील? तिच्याजवळ रमण्यासारखें दुसरें उरलें आहे काय? आराखड्याच्या दृष्टीनें जीं पानें फाजील ठरतात, तींच पानें ही बाई आतां कोठें बसून बोलते आहे हें आपल्याला न सांगतां सांगतात.

आणखी एक गोष्ट येथें लक्षांत घेण्याजोगी आहे. शेवट ठाऊक असणारी यमू आणि परकर नेसून खेळणारी यमू ह्या दोन निरनिराळ्या आहेत. धाकट्या यमूला कांहीं ठाऊक नाहीं. मुंबईच्या बिऱ्हाडांत ती नवऱ्याजवळ लिहावयास वाचावयास शिकते तेव्हां तिचा आनंद निर्भेळ आहे. त्या आनंदावर पडलेली सावली थोरल्या यमूची आहे. ह्या दोघींमधील अंतर हेंच त्या कादंबरीचें बळ. माझ्या तरुण मित्राच्या चार प्रकरणांत हें अंतर नव्हतें. लेखकाला ठाऊक होतें तें त्यानें सर्व पात्रांना सारखें वांटून दिलें होतें. त्यामुळें कोणालाच कांहीं अनपेक्षित होईना, आणि भीति, आशा, हट्ट ह्या गोष्टींना प्रकरणांत जागाच राहिली नाहीं.

ठरलेला आराखडा नसण्याचा एक उघड फायदाही 'करमणुकी'तील ह्या लेखनाला मिळाला. ज्या वर्षीं हें साप्ताहिक निघालें त्याच वर्षीं पंडिता रमाबाईंचें शारदासदन मुंबईहून पुण्यास आलें. १८९१ च्या मार्चांत संमतिवयाचा कायदा झाला, आणि तत्पूर्वींचे कित्येक महिने पुण्यांत दुसरा विषय नव्हता. कादंबरी चालू असतांना बाहेर हें वादळ चाललें होतें. यमूच्या घरांतील सुधारक आणि सनातनी माणसांच्या संभाषणांत जो ताजा तिखटपणा आहे तो आदल्या आठवड्याच्या भांडणांतून उचललेला असावा, असें वाचतांना वाटतें. १८९० च्या आरंभीं बत्तीस प्रकरणांचा गोषवारा लिहून पेटींत ठेवला असता, तर हें वारें आंत शिरावयास खिडकी राहिली नसती.

'करमणुकी'त पुढें १८९३ ते १८९५ ह्या काळांत आलेली 'मी' हीही आत्मकथाच आहे, आणि हरिभाऊंच्या सामाजिक कादंबऱ्यांत ह्या दोहोंनाच अग्रस्थान मिळावें, हा योगायोग मला वाटत नाहीं. ऐतिहासिक कादंबऱ्यांत निवेदक बाहेरचा आहे. पण तेथें शेवट दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक असतो. 'गड आला पण सिंह गेला' ह्या नांवांतच सबंध आराखडा सामावला आहे. १६७० सालीं सिंहगडावर काय झालें हें महाराष्ट्रांतील पोराला ठाऊक आहे. मग लेखक कमलकुमारीच्या कथेंत कितीही रमो, उदेभानूच्या महालांत कितीही पानें घालवो, वाचक स्वस्थ असतो, कारण तानाजी दोर लावून वर चढणार आणि पडणार हें त्याला पक्कें माहीत असतें. 'वज्राघात' वाचणाऱ्याला विजयानगरचें काय झालें हें सांगावें लागत नाहीं. ह्या ठिकाणीं इतिहासानें यमूचें काम केलें आहे. जेथें इतिहासही नाहीं आणि मागें वळून पाहणारा निवेदकही नाहीं, तेथें मात्र हरिभाऊंची लेखणी पुष्कळदां वाट चुकते. 'गणपतराव' अपूर्ण राहिली. तिच्या अपूर्णतेचा दोष केवळ आराखड्याच्या अभावावर टाकणें अन्यायाचें होईल. त्या काळच्या नियतकालिकांचें आयुष्यच अल्प असे. पण अपूर्ण राहूनही तिच्याविषयीं वाचकाला चुटपूट लागत नाहीं, ती कोठेंही थांबली असती तरी चालतें असें वाटतें, हें खरें.

इंग्रजींतील अशा क्रमशः लेखनाचा राजा डिकन्स. त्याचीं दोन रूपें पाहण्यासारखीं आहेत. १८३६ त 'पिक्विक पेपर्स' सुरू झालें तें एका चित्रकाराच्या शिकारी चित्रांना मजकूर पुरविण्यासाठीं. तो चित्रकार सेमूर दुसऱ्या अंकापूर्वींच आत्महत्या करून गेला, चौथ्या अंकांत सॅम वेलर नांवाचा बूट पुसणारा नोकर सहज म्हणून आला आणि पुस्तकाचें नशीब उघडलें. तोच डिकन्स दहा वर्षांनीं 'डॉम्बी अँड सन'पासून प्रत्येक अंकासाठीं एक ताव घेऊन डाव्या बाजूस टांचणें लिहूं लागला. हीं टांचणें राहिलीं आहेत, आणि त्यांत मौज अशी कीं बरींचशीं प्रश्नरूपानें आहेत: अमक्याला आतां आणावें काय? तमकीचा मृत्यु ह्याच अंकांत? आणि खालीं स्वतःलाच उत्तर, होय, नाहीं, अजून नको. माझ्या मित्राच्या चाळीस पानांत प्रश्नचिन्ह एकही नव्हतें.

टॉल्स्टॉयची गोष्ट ह्याहून बोलकी आहे. १८७२ च्या जानेवारींत त्याच्या गांवाजवळच्या रेल्वेस्थानकावर, शेजारच्या एका जमीनदाराच्या आश्रयास असलेल्या ॲना पिरोगोव्हा ह्या बाईनें गाडीखालीं जीव दिला. तें प्रेत टॉल्स्टॉयनें पाहिलें. पुढच्या वर्षीं त्यानें 'ॲना करेनिना' लिहावयास घेतली, ती नायिकेचा शेवट आधींच ठाऊक असतांना. पण जिला हा शेवट यावयाचा ती बाई कशी आहे, हें मात्र त्याला ठाऊक नव्हतें. आरंभीच्या खर्ड्यांतील ॲना बरीच हलकी आणि सामान्य आहे. लिहितां लिहितां, खोडतां खोडतां ती आपल्या परिचयाची थोर ॲना झाली. ज्या लेव्हिनवांचून आज त्या कादंबरीची कल्पना करवत नाहीं, तो मागाहून तींत शिरून अर्धें घर व्यापून बसला. १८७५ पासून मासिकांत प्रकरणें छापून येऊं लागलीं तरी लेखन चालूच होतें. आराखडावादी आणि निराराखडावादी दोघांनाही टॉल्स्टॉय आपलासा म्हणतां येईल. तेव्हां ह्या दोन नांवांनीं फारसा अर्थबोध होत नाहीं असें म्हणावें लागतें.

आतां दुसऱ्या टोंकाकडे येऊं. आपल्याकडे तंत्राचा पुरस्कार ज्यांनीं शास्त्रोक्त रीतीनें केला ते ना. सी. फडके. १९३१ त त्यांचें 'प्रतिभासाधन' निघालें. आधींच्या दोन-तीन वर्षांत 'जादूगार' आणि 'दौलत' ह्या कादंबऱ्यांनीं वाचकांना वेड लावलें होतें, त्यामुळें हें शास्त्र सांगणारा मनुष्य केवळ पोथीपंडित नव्हता. संविधानक कसें रचावें, आरंभीं वाचकाला कसें धरावें, गुंतागुंत कोठवर वाढवावी आणि निरगांठ कोठें सोडवावी, हें त्यांनीं इतक्या स्वच्छ भाषेंत सांगितलें कीं, प्रतिभा ही अंगांत येणारी देवता नसून कांहीं अंशीं शिकण्याची विद्या आहे, हा धीर त्यामुळें कितीतरी नवशिक्यांना आला. हें ऋण मान्य केलें पाहिजे. मी स्वतः विद्यार्थिदशेंत त्या पुस्तकानें भारून गेलों होतों, आणि हरिभाऊंचा पाल्हाळ पाहून नाक मुरडण्याची संवय मला तेथेंच लागली. १९४० त साहित्यसंमेलन रत्नागिरीस भरलें, तेव्हां फडकेच अध्यक्ष होते. पुढच्या वर्षीं सोलापुरास तो मान खांडेकरांना मिळाला. जामसंडें तेव्हां रत्नागिरी जिल्ह्यांतच होतें, म्हणून हें पहिलें संमेलन इकडच्या लोकांना घरचें वाटे.

फडक्यांच्या कादंबरींत शेवट कोणाला ठाऊक असतो? एकट्या फडक्यांना. निवेदक त्यांच्या बाजूचा, पात्रें अंधारांत, वाचकही अंधारांत. आणि लेखक हातचें राखून एकेक पान टाकतो. पत्त्यांच्या डावासारखी ही गंमत आहे, आणि डाव रंगतो यांत शंका नाहीं. पण डाव संपल्यावर पानें उलटीं करून पुन्हा तोच खेळ खेळण्यांत अर्थ नसतो. ह्या पुस्तकांचें दुसरें वाचन करून पाहावें. एकदां निरगांठ कोठें सुटते हें कळलें कीं नायकनायिकांच्या हालचालींतला दोरा दिसूं लागतो. अमका मनुष्य नेमका त्याच स्टेशनवर कां उतरला याचें उत्तर त्याच्या स्वभावांत सांपडत नाहीं, पुढच्या प्रकरणाच्या गरजेंत सांपडतें. उलट, 'पण लक्षांत कोण घेतो?' दुसऱ्यांदां वाचतांना पहिल्यापेक्षां जड जाते. शंकरमामंजींनीं यमूला प्रेमानें हांक मारलेली ऐकवत नाहीं. शेवट लपवून जें मिळतें तें एकदांच मिळतें. हा फडक्यांच्या भाषेचा किंवा कसबाचा कमीपणा नव्हे; त्यांच्या आराखड्यानें शेवटाचें ज्ञान ज्या कपाटांत ठेवलें, त्या कपाटाचा हा दोष आहे.

येथवर आल्यावर वाचक माझ्यापुढें केतकर आणून उभे करतील, आणि तें योग्यच आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर हे तेवीस खंडांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे कर्ते. एवढी प्रचंड योजना आंखून ती तडीस नेणारा दुसरा मराठी मनुष्य दाखवितां येणार नाहीं. आणि ह्याच मनुष्याच्या कादंबऱ्या पाहाव्या तर त्यांना ना आंखणी, ना शिस्त! 'ब्राह्मणकन्या' (१९३०) घ्या. कालिंदीच्या आजीच्या इतिहासामुळें तिला समाजांत स्थान नाहीं; ती शिवशरणअप्पाबरोबर राहते, तिला मूल होतें, पुढें रामरावाशीं तिचा विवाह होतो. मध्येंच समाजशास्त्राचीं व्याख्यानें, मध्येंच कायद्याची चर्चा, मध्येंच वैजनाथशास्त्र्यांचें स्मृतिलेखन. शेवट कोणालाच ठाऊक नाहीं: ना कालिंदीला, ना वाचकाला, आणि मला तर वाटतें, लिहितांना केतकरांनाही नाहीं. तरी ही कादंबरी टिकली. माझा सिद्धांत येथें लंगडा पडतो हें मी कबूल करतों. एवढेंच म्हणेन कीं, केतकरांना ठाऊक नव्हतें तें उत्तर. प्रश्न मात्र त्यांना पहिल्या पानापासून नेमका ठाऊक होता. आईबापांच्या जातींनीं नाकारलेल्या मुलीचें समाज काय करणार, हा तो प्रश्न. एवढ्या एका खुंटीला त्यांनीं हवें तें टांगलें आणि खुंटी निघाली नाहीं. पण ह्यासाठीं प्रश्न तेवढा दणकट लागतो, आणि तो विचारणारा केतकर लागतो.

वामन मल्हार जोश्यांची 'इंदु काळे व सरला भोळे' (१९३४) ही ह्याच दृष्टीनें विचार करण्यासारखी आहे. ती पत्रांची कादंबरी. पत्र लिहिणाऱ्याला फक्त आजचें ठाऊक असतें. उद्यांचें पत्र काय सांगेल याची त्याला कल्पना नसते. अशा रचनेंत शेवटाचें ज्ञान ठेवण्यास लेखकाच्या मनावांचून जागा नाहीं, आणि वामनराव तर मनानें शेवटापेक्षां शंकेचे उपासक! त्यामुळें कादंबरी पुढें सरकण्याऐवजीं चर्चेंत घुटमळते. पण इतक्या सात्त्विक माणसाच्या सहवासांत घुटमळण्याचा मला तरी कधीं कंटाळा आला नाहीं.

आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाला शिरोड्याच्या शाळेंत १९२० पासून १९३८ पर्यंत शिकविणारे वि. स. खांडेकर हे आराखड्याच्या बाबतींत फडक्यांचे विरोधक नव्हते. त्यांचें भांडण होतें तें आराखड्यांत काय भरावें ह्याविषयीं. 'दोन ध्रुव' हें नांवच सांगतें कीं तेथें आधीं विचार ठरला आणि मग माणसें नेमलीं. शेवट विचाराला ठाऊक असतो, माणसाला नाहीं. म्हणून माणसें सुभाषितें बोलतात. तेच खांडेकर १९५९ त 'ययाति' लिहितात तेव्हां कथा महाभारताची, म्हणजे सर्वांच्या परिचयाची, आणि सांगणारे तिघे: ययाति, देवयानी, शर्मिष्ठा, प्रत्येकजण आपल्या तोंडानें. सुभाषितें तेथेंही आहेत. पण आतां तीं पोळलेल्या माणसाच्या तोंडीं आहेत, आणि तेवढ्यानें त्यांचा पोत बदलतो. खांडेकरांच्या इतर पुस्तकांविषयीं उदासीन असणारा वाचकही हें पुस्तक हातांत घेतल्यावर खालीं ठेवीत नाहीं.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगणा'ला (१९३९) आराखडा दिला तो आगबोटीनें. युरोपांतून निघालेली बोट मुंबईस लागणार, चक्रधर तेथें उतरणार आणि जर्मनींतून हांकलून लावलेली हेर्टा पुढें पूर्वेकडे जाणार, हें सर्वांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. प्रेमाची मुदत जहाज कंपनीनें ठरविलेली! इतकी लहान आणि इतकी घट्ट कादंबरी मराठींत विरळा. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) ह्याच्या अगदीं उलट्या बाजूला उभी असल्यासारखी दिसते; रचनेचे सर्व संकेत झुगारल्याबद्दल तिची स्तुतीही झाली आणि निंदाही. ती नेमाड्यांनीं वयाच्या पंचविशींत, अगदीं थोड्या दिवसांत लिहून काढली. पण तीही पांडुरंग सांगवीकराची स्वतःची हकीकत आहे. गांवीं परतून, सर्व घालवून बसलेला पांडुरंग मागचें सांगतो आहे. वसतिगृहांतला खर्च, मित्र, फजित्या, धाकट्या बहिणीचा मृत्यु, हें सर्व तेथून दिसतें. यमू आणि पांडुरंग यांच्यामध्यें सत्तर वर्षें आहेत आणि स्वभावांचें तर कांहींच साम्य नाहीं. तरी ज्या युक्तीनें एकीचा पाल्हाळ सांवरला त्याच युक्तीनें दुसऱ्याची बेशिस्तही सांवरली गेली, असें मला दिसतें.

माझ्या मित्राच्या विषयाला सर्वांत जवळची कादंबरी म्हणजे श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' (१९८७). तिचे दोन मोठे खंड, चार पिढ्या, जगबुडीच्या कांठचें एक खोत घराणें. येथें निवेदक बाहेरचा आहे आणि हकीकत आधुनिक, पण आराखड्याचें काम वंशवेलीनें केलें आहे. बाप गेला कीं मुलगा येणार, वाड्याला वारस हवा, जमिनीला मालक हवा. ह्या क्रमाला लेखकाची परवानगी लागत नाहीं. शिवाय, १९४९ च्या कायद्यानें खोती गेली हें कोंकणांतल्या वाचकाला कोणी सांगावें लागत नाहीं; वाड्याच्या ऐश्वर्याचें वर्णन करणाऱ्या प्रत्येक पानाच्या मागें तें ज्ञान उभें असतें. म्हणून पहिल्या खंडांत माणसें वाटेल तशीं वागतात, उन्मत्तपणानें, वेडेपणानें, कधीं देवमाणसासारखीं, आणि तरी कथा हातची जात नाहीं. दुसऱ्या खंडांत मला तितका जोम वाटला नाहीं. ऱ्हास जसजसा जवळ येतो तसतशी माणसें ऱ्हासाला अनुरूप होऊं लागतात; जें वाचकानें जाणावयाचें तें तीं स्वतःच जाणूं लागतात. मोठ्या कादंबरीवर असा आक्षेप घेतांना भीति वाटते, पण दोनदां वाचूनही माझें मत बदललें नाहीं.

तो तरुण गेल्या आठवड्यांत वह्या न्यावयास आला. आराखडा फाडून टाकूं काय, असें त्यानें विचारलें. फाडण्याचें कांहीं कारण नाहीं, असें मीं सांगितलें. चाळीस पानें लिहितांना त्याला आपल्या माणसांचीं वयें कळलीं, जमिनीचे सर्व्हे नंबर कळले, दावा किती वर्षें चालेल तें कळलें, हें वायां जात नाहीं. मग मीं त्याला एवढेंच विचारलें कीं, ह्या सबंध घरांत अशी कोण व्यक्ति आहे जिला तीनही पिढ्यांचें सर्व ठाऊक आहे आणि जिला आतां कोणी कांहीं विचारीत नाहीं? तो बराच वेळ वही चाळीत बसला. बाहेर पाऊस लागला होता. शेवटीं म्हणाला कीं, एक आत्या आहे. लहानपणींच विधवा होऊन माहेरीं आलेली. बागेंतून किती पेट्या गेल्या, कोणाच्या नांवावर गेल्या, याचा हिशेब सगळीं वर्षें तिनेंच ठेवला.

आराखड्यांत तिच्यावर दीड ओळ होती. ती कोणत्या सालीं जन्मली तेवढें मात्र लिहावयाचें राहून गेलें होतें.